ऊन फेस
(आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापुढे दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा शिक्षण, संघटना, वसतिगृह असे थोर विषय आमच्या मनात आले. ते विषय आमच्याहून अधिकारी वक्ते मांडतील. आम्ही आपल्या धोकटीतलाच एक लहान विषय घेतला आहे. दाढीचा फेस शेवटपर्यंत ऊन कसा राखावा, एवढाच तो विषय.

बलुत्याच्या काळी खेडोपाडी साबणाचे नाव नव्हते. पितळी वाटीत पाणी घ्यावे, बोटांनी गाल चोळचोळून केस नरम करावेत आणि मग वस्तरा लावावा, अशी रीत होती. थंडीच्या दिवसांत जाणता कारागीर यजमानाच्या बंबातले ऊन पाणी मागून घेई. पुढे शहरांत दुकाने निघाली, साबण आला, ब्रश आला; परंतु मर्म पाण्यातच राहिले. केस पाणी शोषून फुगतो व मऊ होतो. यास दोन-तीन मिनिटे लागतात, आणि पाणी ऊन असेल तर हे काम लवकर होते. असा भिजलेला केस कापण्यास कोरड्या केसापेक्षा पुष्कळ कमी जोर पुरतो. साबण केसावरचा तेलकटपणा काढतो, पाणी जागच्या जागी धरून ठेवतो आणि पात्यास सुखाने सरकू देतो.

मग फेस इतक्या लवकर निवतो का? कारण फेस म्हणजे बहुतांशी हवा. त्यात पाणी थोडे, म्हणून उष्णतेचा साठाही थोडा. गालावर त्याचा पातळ थर पसरला की त्यातील पाणी उडू लागते आणि थर गार होतो. त्यात वाटी पितळेची व थंडगार असली, तर ती फेसाची ऊब तत्काळ ओढून घेते. पण तीच वाटी ऊन पाण्यात बसविली, तर तितक्याच तत्परतेने ती फेसास ऊब देते. एकोणिसाव्या शतकात विलायतेत दाढीसाठी खास भांडी निघाली होती. त्यांत ऊन पाण्याचा कप्पा निराळा असे. आपल्या वडिलांनी तेच काम मोठे भांडे आणि लहान वाटी यांवर भागविले.

रीत सोपी आहे. बाहेरच्या भांड्यातील पाणी हातास सोसेल इतके ऊन असावे. ब्रश त्यात भिजवून झटकावा. सर्व फेस एकदम न करता दोन-तीन वेळा थोडा थोडा करावा आणि मधल्या वेळात वाटी ऊन पाण्यातच राहू द्यावी. उकळते पाणी वापरू नये. त्याने ब्रशाचे केस व डिंक बिघडतात आणि फेसही पातळ होऊन बसतो. विहिरीचे पाणी जड असेल तर साबणाची साय बनते, फेस धरत नाही. तेथे मऊ पाणी शोधावे. गालास लावण्यापूर्वी फेस आपल्या मनगटावर पाहावा. डब्यातून निघणारा तयार फेस गार असतो म्हणून काही तरुण तो डबाच ऊन पाण्यात ठेवतात. दाबाखालचा डबा तापविणे धोक्याचे आहे, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

हे सर्व आम्ही दुकानात शिकलो. पण खरे शिकलो ते एका निराळ्याच प्रसंगी. आमचे वडील अंथरुणास खिळले होते. पौषातली पहाट होती. दुकान उघडण्याच्या घाईत आम्ही त्यांची दाढी करावयास बसलो आणि वाटी गार फरशीवर ठेवली. उजवा गाल झाला. डाव्या गालाशी येताच ते क्षीण आवाजात म्हणाले, "फेस निवला रे." आम्हांस क्षणभर राग आला. रात्री जागावे, सकाळी सेवा करावी, आणि वर दोष ऐकावा! तरी वस्तरा खाली ठेवला. पाणी तापविले, वाटी त्यात बसविली, नवा फेस केला. ब्रश गालावर फिरताच त्यांनी डोळे मिटले. कातडी सैल पडली होती. ती बोटाने ताणून धरली, तेव्हा पाते जराही न अडकता गेले. पुढे पंधरवड्यातच ते गेले. त्यांनी आमच्या कामातील काढलेली ती शेवटची चूक होय.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ऊन फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. त्या उबेने रोगजंतू मरत नाहीत. काविळीचे ब व क हे प्रकार रक्तावाटे पसरतात. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते हवेच. पहिल्या महायुद्धाच्या काळात तर घोड्याच्या केसांच्या दूषित ब्रशांमुळे परदेशांत अँथ्रॅक्सची लागण होऊन माणसे दगावली. तेव्हा वाटी, ब्रश आणि आपले हात यांविषयी हयगय नको.

आज आपली मुले डॉक्टर, इंजिनिअर होत आहेत, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्यांतील काहींना बापाच्या धोकटीचा उच्चार करण्यास संकोच वाटतो, याचे दुःखही आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आपल्या कारागिरांनी विधवांच्या केशवपनास नकार दिला, तो याच वस्तऱ्याच्या बळावर. मुलांनी हा धंदा करावाच, असा आमचा आग्रह नाही. आमची विनंती लहान आहे. घरात वृद्ध आजोबा असतील, तर एखाद्या रविवारी पाणी तापवा, वाटी त्यात बसवा आणि त्यांची दाढी स्वतःच्या हाताने करा. फेस निवला की नाही, ते आजोबाच सांगतील.