कोळसा की सूर्य? देशाच्या ऊर्जासुरक्षेचा विचार

(विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



देशाची ऊर्जासुरक्षा कोळसा-तेलावर सोपवावी की सूर्य-वाऱ्यावर, असा आजचा विषय आहे. कोणतीही बाजू घेऊन टाळ्या मिळवणे सोपे आहे. परंतु आधी ऊर्जासुरक्षा कशाला म्हणायचे, हे ठरवले पाहिजे. आमच्या मते तिच्या तीन कसोट्या आहेत. इंधनाची किल्ली दुसऱ्याच्या हाती नसावी. ऊर्जा गरिबाला परवडावी. आणि ती लागेल त्या वेळी मिळावी.

हा विचार आपल्याला नवा नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्या खात्याकडे होता. स्वस्त व मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. त्यांच्या कारकिर्दीत ज्या दामोदर खोरे योजनेची पायाभरणी झाली, तिचे महामंडळ १९४८ साली स्थापन झाले. त्या योजनेत धरणाची वीजही होती आणि बोकारोचे कोळशाचे केंद्रही होते. एकाच इंधनाचा हट्ट तेथे नव्हता.

आता तेल आणि वायू पाहू. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. १९९० च्या आखाती संकटात तेल महागले, परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि १९९१ साली देशाला सोने गहाण ठेवावे लागले. आपल्या कोकणातील दाभोळचा प्रकल्प १९९९ साली नाफ्त्यावर सुरू झाला. इंधनाचा आणि विजेचा दर डॉलरशी बांधलेला होता. राज्य वीज मंडळाला तो भार पेलवला नाही आणि २००१ साली प्रकल्प बंद पडला. पुढे तो वायूवर चालवला गेला, परंतु कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचा पुरवठा घटला आणि २०१३ साली तो पुन्हा थांबला. पहिल्या दोन कसोट्यांवर येथे उत्तर मिळते.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या देशात तेलापासून वीज फारशी तयार होत नाही. म्हणून वाहने विजेवर आल्याशिवाय केवळ सौर पॅनेल बसवून तेलाची आयात कमी होणार नाही.

कोळशाची गोष्ट वेगळी आहे. तो आपल्या भूमीत आहे आणि रात्रीही वीज देतो. २०२४-२५ साली देशात १०० कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला, तरी सुमारे २४ कोटी टन आयात करावा लागला. त्या वर्षी देशातील जवळजवळ तीन चतुर्थांश वीज कोळशाचीच होती. पण चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्रातून सारा महाराष्ट्र उजळतो, तेव्हा राख आणि धूळ सोसतात ती आसपासच्या वस्त्यांतील माणसे. ही किंमत विजेच्या बिलावर छापलेली नसते.

सूर्याला इंधनाचे बिल नाही. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेल-वायूखेरीजची झाली. त्यात मोठी जलविद्युत आणि अणुवीजही धरलेली आहे. परंतु क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष निर्मिती वेगळी, कारण दिवेलागणीला सौर वीज थांबते. शिवाय पॅनेलसाठी लागणाऱ्या सिलिकॉन चकत्या बहुतांशी चीनमधून येतात. तरीही फरक आहे. तेलाचा पुरवठा तुटला तर काही आठवड्यांत वाहने थांबतील. पॅनेलची आयात थांबली तरी बसवलेले पॅनेल वीस-पंचवीस वर्षे वीज देतच राहील.

संध्याकाळच्या अडचणीवर उपाय आपल्याच राज्यात आहे. अकोले तालुक्यातील घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. वीज शिल्लक असताना पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज घ्यायची. शेतीसाठी तर सूर्य सोयीचाच आहे. रात्री-अपरात्री विंचू-सापाच्या भीतीत पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज हवी असते. त्यासाठीच राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली.

तात्पर्य, प्रश्न 'हे की ते' असा नसून क्रमाचा आहे. दिवसा सूर्य व वारा, संध्याकाळी साठवलेली वीज, उरलेल्या तुटीपुरता कोळसा, आणि तोही टप्प्याटप्प्याने कमी. मात्र चंद्रपूर-वणीच्या खाणीत राबणाऱ्या कंत्राटी कामगाराला उद्या 'आता तुझी गरज नाही' असे सांगून चालणार नाही. खाणीला कुलूप लागण्याआधी त्याच्या हाताला दुसरे काम आणि त्याच्या मुलांना नवे शिक्षण मिळाले पाहिजे. तसे झाले नाही, तर राष्ट्राची ऊर्जा सुरक्षित होईल आणि माणूस असुरक्षित राहील.

विद्यार्थी मित्रहो, इलेक्ट्रिशियन व्हा, अभियंते व्हा, वीजदराच्या सुनावणीत आकडे घेऊन बोलणारे नागरिक व्हा. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अंधारात ठेवले गेले, त्याने विजेचा हिशेब दुसऱ्यांवर सोपवू नये, एवढीच आमची विनंती आहे.

जय भीम.