दहा राग, तीन मशीन आणि न हलणारा सा

भिवपुरीहून बोलतोय. आमच्याकडे टाटांचं वीजघर १९२२ पासून आहे, त्यामुळे विजेचं कौतुक जरा जास्तच. तर आज सुरुवात ट्रान्सफॉर्मरपासून.

कुठल्याही मोठ्या डीपीजवळ (कुंपणाबाहेर हं!) उभे राहा. 'घूं' असा एकच सूर येतो. वीज ५० हर्ट्झची, पण आतला लोखंडी गाभा प्रत्येक फेरीत दोनदा थरथरतो, म्हणून तो सूर १०० हर्ट्झचा. दोन मिनिटं नीट ऐकलंत की त्याच सुरातून वरचे बारीक सूर वेगळे ऐकू येतात. तानपुरा लावून बसणाऱ्यांना हे नवीन नाही. मिनिमल इलेक्ट्रॉनिकचंही तेच. वाद्यं कमी, बदल सावकाश, बाकी काम कानाचं.

आता रेकॉर्ड. चरणजीत सिंग, मुंबईचे सेशन म्युझिशियन, हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची तीन मशीन घेतली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३. त्यातून 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही एलपी झाली. फार चालली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली आणि मग बोंबाबोंब, 'अ‍ॅसिड हाऊस मुंबईत जन्मलं!' कारण शिकागोच्या फ्यूचर ग्रुपचा 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आला १९८७ मध्ये.

मला हा दावा पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही एलपी ऐकली होती, याचा काही पुरावा नाही. मग आवाज इतका सारखा कसा?

एक कारण मशीन. ३०३ बनवलं होतं एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून. त्यात सोळा घरांचा पॅटर्न भरायचा, की तो फिरत राहतो. आमच्या भाषेत सरळ लूप. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय, म्हणजे जवळजवळ मींड! शिकागोवाल्यांनी याच मशीनची फिल्टरची बटणं पिळून पिळून आवाज बदलला.

दुसरं कारण मात्र आपलं आहे, आणि ते कोणी फारसं सांगत नाही. डिस्कोत कॉर्ड बदलतात, व्हायोलिनं येतात, ब्रास येतो. रागात सा हलत नाही. कॉर्ड बदलत गेलात तर राग मोडतो. म्हणजे डिस्कोतून कॉर्ड काढावेच लागणार. उरलं काय? ठोका, फिरणारा बास आणि वर एक चाल. शिकागोची पोरं बटणांमुळे तिथे पोचली, सिंग रागाच्या शिस्तीमुळे.

आता, पाच मिनिटांत राग उलगडतो का? नाही. आलापाला जागाच नाही, आणि काही ठिकाणी चाल ताठ वाटते. तुमच्या गाण्याच्या बाई ऐकून नाक मुरडतील, आणि त्यांचं अगदीच चूक नाही.

सिंग २०१५ मध्ये गेले. त्याआधी परदेशात तरुण पोरांसमोर त्यांनी हे राग लाइव्ह वाजवले, एवढं बरं झालं.

क्लासात यमन शिकला असाल तर यातल्या यमनपासून सुरुवात करा. हेडफोन हवेतच, फोनच्या स्पीकरवर ३०३ चा बास येतच नाही. पहिल्यांदा चाल सोडून द्या, फक्त खालचा बास धरा. मग मेघमल्हार.