कठीण खेळ आणि त्याचे दोन पक्ष



वसंतातल्या व्याख्यानाला पडद्यावरचा खेळ हा विषय घेतलेला पाहून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण ज्या गोष्टीवरून घरातली तरुण मंडळी हमरीतुमरीवर येतात, तिचा विचार जाणत्यांनी करायचा नाही, तर कोणी करायचा?

हा खेळ म्हणजे ‘सेलेस्ट’. कॅनडातल्या एका लहानशा चमूने २०१५ साली चार दिवसांत त्याचा पहिला नमुना केला आणि २०१८ साली पुरा खेळ बाहेर आला. चित्रे मुद्दाम जुन्या धर्तीची, ठिपक्याठिपक्यांची. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते. उडी, हवेतला एक झपाटा आणि कड्याला धरून राहणे, एवढेच तिचे बळ. उडी चुकली की मरण. परंतु त्याच पडद्याच्या आरंभी ती लगेच पुन्हा उभी राहते.

एक पक्ष म्हणतो, दिवसभर राबून आलेल्या माणसाला हा खेळ की शिक्षा? दुसरा म्हणतो, शंभरदा पडल्यावर जी उडी साधते तिची गोडी फुकट मिळालेल्या विजयाला नाही. खरे कोणाचे?

आधी हे पाहू, की खेळ कठीण का केला. नाणे टाकून खेळण्याच्या जुन्या यंत्रांत खेळाडू लवकर हरणे हा मालकाचा लाभ होता. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ला जागा अवघी चाळीस किलोबाइट; एवढीशी शिदोरी महिनोन् महिने पुरवायची, तर वाट बिकटच हवी. ‘सेलेस्ट’ला यांपैकी कोणतीही अडचण नव्हती. त्याने बंधन आपखुशीने घेतले.

आपखुशीने बंधन घेणारा पुरुष या बारामतीला नवा नाही. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत येथे राहिले. त्यांनी रामायण एकदा नव्हे, नाना परींनी रचले. त्यांतले एक निरोष्ठ, म्हणजे ओठ न मिटता म्हणण्याचे. ‘राम’ म्हणताना ओठ मिटतात. म्हणजे रामकथा सांगायची आणि ते नाव टाळायचे! त्यांच्याविषयीही दोन पक्ष पडलेच. कोणी म्हणाले, हे पांडित्याचे ओझे. तर चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांची बाजू हिरीरीने मांडली. इकडे कीर्तनकारांनी आर्या उलगडून सांगितल्या, ‘केकावली’च्या सटीप आवृत्त्या निघाल्या. टीप वाचणाऱ्याने पंतांचे काही हिरावून घेतले काय?

‘सेलेस्ट’मध्येही अशी टीप आहे. खेळाची गती कमी करता येते, अंगातली ताकद अखंड ठेवता येते, मरणसुद्धा टाळता येते. काही कट्टर खेळाडूंना हे रुचत नाही. मला त्यांचे म्हणणे पटत नाही. ज्याचा हात थरथरतो, ज्याची नजर मंद आहे, तो आपल्या मार्गाने शिखरावर पोचला, तर आधी पोचलेल्याचे शिखर काही ठेंगणे होत नाही. उलट, खेळ सर्वांसाठीच सोपा करा म्हणणाऱ्यांनाही सांगेन, आट्यापाट्यांतल्या पाट्या पुसून टाकल्या तर धावणे उरते, खेळ उरत नाही. कसोटी एकच: पडलेल्याला आपण का पडलो हे कळते काय? कळत असेल तर तो खेळ कठीण. नसेल तर अन्यायी.

शेवटी एक गोष्ट आपल्यापुढे ठेवतो. हा खेळ मरणांची संख्या मोजतो आणि खेळाडूला सांगतो, हिचा अभिमान बाळग. पडतोस तितका शिकतोस. आपल्या शाळांत पडलेल्या पोराची संख्याही आपण मोजतो, पण ती त्याच्या कपाळावर लिहिण्यासाठी. एका परीक्षेत घसरलेले मूल घरात तोंड लपवून बसते, पुष्कळदा शाळाच सोडते. त्याला त्याच पायरीवरून, लाज न वाटता, पुन्हा उडी मारू देणारा पडदा आपण कधी उभारणार? खेळाच्या वादात कोणताही पक्ष घ्या. या प्रश्नात मात्र सर्वांचा पक्ष एक असावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.