आजोबांचं घड्याळ विकत घ्यायचं तर



सोलापुरातल्या कुठल्याही जुन्या घरात जा आणि आजीचं काय काय शिल्लक आहे ते विचारा. वज्रटीक निघते, नथ निघते, नाव घातलेला तांब्याचा हंडा माळ्यावरून खाली येतो. मग आजोबांचं काय आहे ते विचारा. घरातले एकमेकांकडे बघतात. शेवटी कुणीतरी उठतं, कपाटाचा आतला कप्पा उघडतं आणि पट्टा तुटलेलं, बंद पडलेलं मनगटी घड्याळ आणून तुमच्या हातावर ठेवतं. पुरुषाच्या अंगावरची म्हणून जी वस्तू आपल्याकडे मागे राहते, ती बहुधा एवढीच. चष्मा दुसऱ्याला चालत नाही आणि कोट बोहारणीकडे जातो.

ज्यांच्या घरात तेवढंही राहिलेलं नाही, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. हल्ली तरुण मंडळी जुनी, चावीची घड्याळं हौसेनं शोधून घेतात. माझी भाची मला म्हणाली, "मामा, बाळाच्या बारशाला एक जुनं घड्याळ घेऊन ठेवते. मोठा झाला की त्याला देईन. कुठलं घेऊ?" तिचे सासरे शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "वारसा काय दुकानात मिळतो?" ऐकायला बिनतोड वाटतं खरं. पण आजीची वज्रटीकसुद्धा कुणीतरी कधीतरी सराफाला पैसे मोजूनच घरात आणली होती ना? सुरुवात कुणाला तरी करावीच लागते.

भाचीला मी सांगितलं, एच.एम.टी. जनता घे. तिचा चेहरा जरा पडला. तिच्या मनात स्विस घड्याळ होतं.

आता जनताच का, ते सांगण्यासाठी थोडं मागं जावं लागेल. आपल्या या शहराला एके काळी मनगटी घड्याळाची फारशी गरजच नव्हती. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडगिरण्यांचे भोंगे होते. कुठली पाळी सुटली आणि कुठली भरली, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. बायका भोंग्यावर भाकरी थापायच्या आणि भोंग्यावर डबे पाठवायच्या. घड्याळ असायचं ते हेडक्लार्कच्या, हेडमास्तरांच्या, फार तर एखाद्या जॉबरच्या हाताला. आणि ते असायचं विलायती. फेवर ल्यूबा ही स्विस कंपनी १८६५ सालीच हिंदुस्थानात आली होती. वेस्ट एंड वॉच कंपनीचा मुंबईतला व्यापार १८८६ पासूनचा. तिचं 'सोवार' हे घड्याळ पलटणीतून आणि रेल्वेतून पार खेड्यापाड्यांत पोचलं होतं. सोलापूर रेल्वेचं मोठं ठाणं, त्यामुळं इथल्या रेल्वेवाल्यांच्या घरांत अशी घड्याळं अजूनही निघतात.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधनं आली, तसा स्विस घड्याळांचा चोरटा व्यापार मुंबईच्या किनाऱ्यावर फोफावला. सोन्याची बिस्किटं आणि घड्याळं, हा त्या धंद्यातला ठरलेला माल. तस्करांना चाप लावायला सरकारनं १९७४ साली 'कोफेपोसा' कायदा आणला. तेव्हा साठ-सत्तरच्या दशकातल्या एखाद्या स्विस घड्याळाचं बिल विकणाऱ्याकडे नसलं, तर लगेच ते खोटं ठरवू नका. ज्यांचे आजोबा साधे कारकून होते आणि तरी हातात कोरं स्विस घड्याळ मिरवत होते, त्यांनीही फार खोलात जाऊ नये.

सामान्य माणसाच्या मनगटावर घड्याळ आलं ते एच.एम.टी.मुळं. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६१ साली बंगळूरला हा सरकारी कारखाना उभा राहिला. त्याच १९६१ साली हुंडाबंदीचा कायदाही झाला. कारखाना जोरात चालला; कायद्याचं काय झालं ते आपण सगळे जाणतो. लग्नाच्या याद्यांत सायकल, अंगठी आणि ट्रान्झिस्टरच्या जोडीला घड्याळ येऊन बसलं. घड्याळ दिलं नाही म्हणून ऐन पंगतीत जावईबापू रुसून बसल्याच्या आणि मुलीच्या भावानं तालुक्याच्या गावाला धावत जाऊन ते आणल्याच्या कहाण्या तुम्हीही ऐकल्या असतील. म्हणून म्हणतो, ज्याला आपण कौतुकानं 'आजोबांचं घड्याळ' म्हणतो, ते पुष्कळदा आजीच्या बापानं कर्ज काढून घेतलेलं असतं. वारसा सांगायचाच, तर एवढंही सांगावं.

असो. १९६९ च्या नाताळात टोकियोमध्ये सेइकोनं सेलवर चालणारं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला काढलं आणि चावीच्या घड्याळांचे दिवस भरले. पुढे १९८४ मध्ये आपल्याकडे टायटन कंपनी स्थापन झाली. क्वार्ट्झमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. जनताची टिकटिक सेकंदाला पाच. अचूकपणात जनता कुठं पुरणार? एच.एम.टी.ची घड्याळ-कंपनी मागं पडत गेली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ती बंद करण्याचा निर्णय घेतला. ही बातमी आली आणि लोकांना अचानक या घड्याळांचा उमाळा आला. कपाटातली बाहेर निघाली, भाव चढले.

तरीही मी जनताच म्हणतो, त्याचं कारण नव्या पेठेजवळ एका जिन्याखाली बसणाऱ्या घड्याळजींच्या टेबलावर नीट दिसलं. भाचीला घेऊन मी तिथं गेलो होतो. तिनं दोन जनता निवडून ठेवली होती. एकाचा डायल भगवा, झगझगीत, आरशासारखा. दुसऱ्याचा पांढरा, पण कडेनं पिवळट पडलेला, बाराच्या आकड्याजवळ तपकिरी ठिपका. तिचा कल अर्थातच भगव्याकडे.

घड्याळजींनी डोळ्याला काच लावली. भगवं घड्याळ उजेडात तिरकं धरून ते म्हणाले, "हे रंगवलंय ताई. अक्षरं बघा की, जाडी झालीत. मिनिटाच्या रेघा बघा, एक लांब, एक आखूड. कंपनीची छपाई अशी नसती." मग त्यांनी दुसऱ्याचं मागचं झाकण उघडून आतली बाजू आमच्यापुढं धरली. नव्या नाण्यासारखं ते पोलाद, आणि त्यावर सुईनं ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं. कुणाची तरी आद्याक्षरं, एक आकडा, एका कोपऱ्यात '७/८३', त्याखाली दुसऱ्याच हाताची खूण. घड्याळ दुरुस्त करणारा आपली खूण अशी झाकणात करून ठेवतो. तेच घड्याळ परत आलं तर काम आपण केलं होतं का आणि कधी, हे त्याला कळतं. घड्याळजी म्हणाले, "हे घ्या. हे इतक्यांदा उघडलंय, म्हणजे इतक्यांदा कुणालातरी ते चालू पाहिजे होतं."

रंगवलेल्या डायलांचा हा उद्योग फार मोठा आहे. मेलेल्या घड्याळांचे सुटे भाग जोडायचे, डायल नव्यानं छापायचा, वर चकचकीत काच बसवायची आणि हौशी गिऱ्हाइकाला 'अगदी कोरं, न वापरलेलं' म्हणून विकायचं. यात देवनागरी अक्षरांच्या डायलांना विशेष मागणी. काही जनतांवर कंपनीनं देवनागरीत नाव छापलं होतं हे खरं, पण त्याचा फायदा घेऊन छापलेले नवे डायलच बाजारात उदंड झालेत. तेव्हा डाग चालेल, रंग नको. डागाला उपाय शोधायलाही जाऊ नका. डायल एकदा पुसला किंवा रंगवला, की मूळचं परत येत नाही.

आता मशीनकडे बघू. जनताच्या आत सतरा ज्वेलचं मशीन असतं आणि त्यावर ०२३१ हा नंबर असतो. हेच मशीन काळ्या डायलच्या 'पायलट'मध्ये आणि इतरही मॉडेलांत आहे. त्यामुळं आज एखादं चाक झिजलं किंवा बॅलन्सचा दांडा मोडला, तर घड्याळजी आपल्या डब्यातल्या दुसऱ्या मेलेल्या एच.एम.टी.मधून तो भाग काढतो आणि काम होतं. कमी खपलेल्या एखाद्या स्विस घड्याळाचं तसं नाही. त्याचा एक भाग गेला की मुंबईला चकरा, आणि तिथंही मिळेलच याची खात्री नाही. तीस वर्षांनी तुमच्या मुलानं काय करायचं?

घेताना चावी देऊन बघा. ती एकसारखी, हलकी खरखर करत फिरावी. अडखळली किंवा नुसतीच गरगर फिरली तर घड्याळ ठेवून द्या. कानाला लावा. आवाज लंगडा येतो का ते ऐका. मग घड्याळ उलटं धरून ऐका, सपाट ठेवून ऐका. केस पितळेची, वर क्रोमचा मुलामा, असा या घड्याळांचा घाट असतो. घामानं मनगटाकडची बाजू खाल्लेली असते, कधी पितळ उघडं पडून खड्डे पडलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, त्यामुळं इथल्या घड्याळांत हे जरा जास्तच. वरवरचा मुलामा गेलाय म्हणून अडू नका, पट्ट्याची पिन बसते ते कान झिजलेत का तेवढं बघा. यंत्रमागाच्या भागात वापरलेलं घड्याळ असेल, तर आत कापसाची बारीक लव अडकलेली सापडते. ती तेलात मिसळली की चाकं घट्ट होतात. साफ केली की सुटतात.

एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. अंधारात चमकणाऱ्या काट्यांची फार जुनी विलायती घड्याळं घरी उघडू नका. साठच्या दशकापर्यंत अनेक कंपन्या काट्यांना आणि आकड्यांना खरोखरीचा रेडियमचा रंग लावत. तो आता चमकत नाही, म्हणून रेडियम संपलं असं होत नाही; त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं. चमकणारं रसायन मेलेलं असतं, रेडियम जिवंत असतं. असं घड्याळ लहान मुलासाठी घेऊच नये. काट्यांवरची पूड खरवडू नये, हे तर सांगायलाच नको.

जिनिव्हाची पाटेक फिलिप कंपनी १९९६ पासून एक जाहिरात चालवते. तिचा आशय असा, की हे घड्याळ तुमच्या मालकीचं नसतंच, तुम्ही ते फक्त पुढच्या पिढीसाठी सांभाळता. आपल्याकडे ही भाषा शेतजमिनीबद्दल बोलतात आणि मग कोर्टात जातात. पण जाहिरातीनं एक गैरसमज मात्र पसरवला, की वारशाचं घड्याळ म्हणजे लॉकरमधलं घड्याळ. चावीचं घड्याळ लॉकरमध्ये ठेवलं की आतलं तेल वाळतं आणि पुढं कधी चालवलं की सुकी चाकं एकमेकांना खातात. ते रोज सकाळी, शक्यतो एकाच वेळी, चावी देऊन हाताला बांधावं. चावी शेवटाला आली की पुढं जोर करू नये. चार-पाच वर्षांनी उघडून, धुऊन तेल घालून घ्यावं. पाण्यापासून लांब ठेवावं.

अडचण आहे ती घड्याळजींची. नव्या पेठेजवळच्या त्या गृहस्थांची मुलं मोबाइल दुरुस्तीत आहेत आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. एका मोबाइलच्या स्क्रीनमागे जे सुटतं, ते दोन दिवस चिमट्यानं चाकं लावून सुटत नाही. तेव्हा चावीच्या घड्याळाचं काम दारात आलं, तर घासाघीस करू नका. मी तर म्हणेन, घड्याळ निवडण्याआधी घड्याळजी शोधा आणि कुठलं घ्यावं ते त्यालाच विचारा. ज्याचे भाग त्याच्या डब्यात आहेत, ते घ्या.

भाचीनं पिवळट डायलचंच घेतलं. दोन-चार हजारांत बसलं, सर्व्हिसिंगचे पैसे वेगळे. एका वहीत तिनं कुठून घेतलं, कुणी दुरुस्त केलं, तारीख काय, हे लिहून ठेवलंय. ते घड्याळ सध्या तीच वापरते. जुन्या जनताचा आकार आजच्या मानानं लहानखुरा, तो बाईच्या हाताला उलट जास्त शोभतो. तेव्हा ते मुलालाच जावं असंही काही नाही.

द्यायचं ते आपल्या हयातीत द्यावं. पहिल्या नोकरीला द्या, पहिल्या पगाराला द्या. मागं ठेवून गेलात तर घर, जमीन, भांडी यांची वाटणी करता येते, एका घड्याळाची करता येत नाही. दोन मुलं असतील तर आत्ताच दोन घ्या. जनता आहे, परवडतं.