घरोघरचे हत्ती, मोर आणि नंदी



प्राण्यांच्या मूर्ती व चित्रे जमविणे हा राजेरजवाड्यांचा छंद, अशी पुष्कळांची समजूत दिसते. आम्हांस ती मान्य नाही. देवघरातील नंदी, लामणदिव्याच्या साखळीतील हत्ती, पाय घासावयाच्या वज्रीवरचा मोर, खंडोबाच्या टाकावरील घोडा. इतकी जनावरे ज्या घरी नांदतात, ते घर संग्रहालयाहून फार दूर नाही. उणीव एवढीच की, आपण त्यास संग्रह म्हणत नाही, आणि म्हणून दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत तो मोडीत जातो.

मोडीचा व्यापारी पितळ तोलतो, हत्ती नव्हे. घडणावळीची पै त्यात धरली जात नाही. शिवाय जुने ओतकाम बहुधा मेणाच्या रीतीचे असते. प्रथम मेणाचा हत्ती घडवावयाचा, त्यावर मातीचे लेप द्यावयाचे, आच देऊन मेण काढून टाकावयाचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. निवाल्यावर साचा फोडल्यावाचून हत्ती बाहेर येत नाही. सबब त्या साच्यातून दुसरा हत्ती होणे नाही. बाजारात तसाच दुसरा आणू, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

१९७४ साली प्रवराकाठी दायमाबाद येथे शेतकऱ्यांना जमिनीत चार ओतीव वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सर्वांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. (मोडीच्या हिशेबाने केवढा सौदा!) बहुतेक अभ्यासक त्या इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील मानतात. त्या भट्टीत गेल्या असत्या, तर या भूमीत इतक्या प्राचीन काळी असे ओतकाम होते हे आपणांस कोणी सांगितले असते?

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला तो अशाच घरगुती वस्तूंचा. दिवे, अडकित्ते, वज्र्या! लोक ज्यांस अडगळ म्हणत, ते त्यांनी गावोगाव हिंडून, पत्नी कमलाबाईंच्या साहाय्याने जमविले. अकाली गेलेल्या राजा या पुत्राचे नाव संग्रहालयास दिले आणि पुढे सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यातील वज्रीवरचे पक्षी पाहावेत. आमच्या मते कित्येक मोठ्या शिल्पांपेक्षा त्यांत अधिक जीव आहे.

आता थोडे व्यवहाराचे. जुनी मूर्ती चिंचेने किंवा राखेने घासघासून लखलखीत करू नये, नाकडोळे झिजतात. रविवर्मा छापखान्याची, अंगात देवता रेखाटलेली गाय एके काळी घरोघर लागलेली असे. तसे चित्र असल्यास ओलीच्या भिंतीवरून उतरवावे. आणि प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवावी: कोणाच्या माहेरची, कोणत्या गावची, कशासाठी वापरीत. हे सांगणाऱ्या आजीबाई आहेत, तोवरच ती लिहिता येईल.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे घरचा नंदी धाडण्याची इच्छा कित्येकांस होते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यान्वये, जो १९७६ पासून अमलात आला, शंभर वर्षांहून जुनी मूर्ती वा चित्र खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा मूर्तींची व चित्रांची नोंदणीही करावी लागते. तेव्हा मुलांना छायाचित्र धाडावे, सोबत त्या चिठ्ठीची नक्कल जोडावी. नंदी येथेच राहील.