लागणे आणि हवे असणे

लखनौच्या हज़रतगंजात काहीही विकत घ्यायचे नसताना संध्याकाळी नुसता फेरफटका मारण्याला तिथले लोक ‘गंजिंग’ म्हणतात. वाणसामान लागते म्हणून माणूस बाजारात जातो, गंजमध्ये मात्र तो जातो तो गंज हवासा वाटतो म्हणून. मराठीने या बाबतीत थोडा घोटाळा करून ठेवला आहे. पोस्टाचे तिकीट ‘हवे’ असते आणि जिवलग माणूसही ‘हवे’च असते, त्यामुळे ज्याची गरज आहे ते प्रियही असणारच, हा समज भाषेच्या आडोशाने सुखाने नांदतो.

हज़रतगंजपासून जवळच, कैसरबागेत, या भेदाचा नमुना उभा आहे. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी राय उमानाथ बली आदींच्या साहाय्याने १९२६ मध्ये तिथे संगीत महाविद्यालय काढले, आणि त्याला नाव मिळाले ते प्रांताचे गव्हर्नर विल्यम मॅरिस यांचे. नव्या संस्थेला सरकारी छत्र लागते, हे त्यामागचे उघड कारण मानायला हरकत नाही. भातखंडे १९३६ मध्ये वारले. पुढे १९६६ मध्ये राज्य सरकारने संस्था ताब्यात घेऊन तिला त्यांचे नाव दिले, म्हणजे ज्यांच्याकडून कोणतेही काम करून घ्यायचे उरले नव्हते, त्यांचे. लागणारे नाव चाळीस वर्षांत गेले. हवेसे नाव आजही आहे.

या संस्थेचे १९२८ पासूनचे प्राचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांची गोष्ट जरा अवघड आहे, आणि ती विरजणावरून नीट कळते. विरजण म्हणजे दही लावण्यासाठी राखलेले चमचाभर दही. शेजारीण वाटी घेऊन ते मागायला येते तेव्हा ते चवीला कसे आहे, हे ती विचारत नाही. कोमट दुधात ढवळले की ते दिसेनासे होते, आणि सकाळी कौतुक होते ते कवडीदार दह्याचे. फैयाज खाँसाहेबांची तालीम मिळालेले रातंजनकर लोकांच्या स्मरणात राहिले ते मुख्यतः गुरू म्हणून; गिंडे, भट, कायकिणी हे शिष्य म्हणजे त्या विरजणाचे दही. मात्र हे शिष्य गुरूच्या बंदिशी आवडीने गात राहिले, आणि इथे उपमा तोकडी पडते, कारण दही विरजणाची आठवण काढत नाही.

पुन्हा सांगायचे तर, गरज ही प्रेमाची पावती नव्हे. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण तोंडपाठ असणारी घरेच हे विसरतात. आपल्या चिजा, म्हणजे बंदिशी, छापल्या गेल्या तर आपल्याला कोण विचारणार, या भीतीने चीज देताना हात आखडणारे उस्ताद गरज सरल्यावरही आपण हवेसे राहू का, याच प्रश्नापाशी अडले होते. त्यांच्याविषयी बरेच बोलण्याजोगे आहे, पण घड्याळ परवानगी देत नाही.

तेव्हा श्रोत्यांना एवढीच विनंती, की नातवंड सांभाळायला बोलावलेल्या ज्या आजीचे नातवंड आता शाळेत जाऊ लागले आहे, तिला या रविवारी, पिशवी हातात न देता, बाजारात फिरवून आणावे.