पायी चालणाऱ्याचा पंचनामा

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुम्हाला व्यवस्था, शोषण, वर्ग यांच्यावर काही सांगणार नाही. ते शब्द तुम्ही माझ्यापेक्षा बरे बोलता. मी सांगणार आहे ते एवढंच, की फॉर्म कुठं द्यायचा, पंचनामा कसा वाचायचा आणि पोलीस ठाण्यात कुठल्या कागदासाठी अडून बसायचं. कारण आपली माणसं रस्त्यावर एकदा मरतात आणि कागदावर दुसऱ्यांदा. पहिलं मरण डंपर देतो. दुसरं मरण आपण गप्प बसलो म्हणून येतं.

आधी आकडे घ्या. २०२२ साली या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. ही नोंद माझी नाही, केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची आहे. दिवसाला नव्वद माणसं. एका गिरणीत एका दिवशी नव्वद माणसं मेली असती तर मंत्री धावत आला असता. पण ही नव्वद माणसं नव्वद ठिकाणी मरतात, रोज मरतात, म्हणून ती बातमी नाही.

आणि बातमी आलीच तर कशी येते? 'ट्रकखाली येऊन मजूर ठार.' ही भाषा नीट बघा. ट्रकनं काही केलंच नाही. मजूरच ट्रकखाली आला! पोलिसांच्या कागदात त्याचं पुढचं वाक्य असतं, 'सदर इसम अचानक आडवा आल्याने.' मेलेला माणूस उठून सांगू शकत नाही की बाबांनो, मी आडवा आलो नाही, मी कडेनं चाललो होतो, कडेला फूटपाथच नव्हता. त्याच्या वतीनं कुणीतरी सांगावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही.

पायी चालतं कोण? पहाटे अंधारात झाडू घेऊन रस्त्यावर उतरणारी सफाई कामगार बाई. नाक्यावर कामाची वाट बघणारा बिगारी. हायवे ओलांडून शाळेत जाणारी पोरं. रात्रपाळी सुटल्यावर रिक्षाचे पैसे वाचवणारा वॉचमन. गाडीवाल्याच्या लेखी रस्ता गाडीचा, आणि चालणारा म्हणजे मधे आलेली अडचण.

साधं गणित सांगतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. ड्रायव्हरला माणूस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. वेग ३० वरून ६० झाला की आदळण्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून जिथं वस्ती आहे, शाळा आहे, तिथं वेग कमी करणारा उंचवटा, दिवा आणि पट्टे मागायचे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक नियमांत लिहिलंय, फूटपाथ चालायला किमान १.८ मीटर मोकळा पाहिजे. टेप घेऊन जा आणि आपल्या वस्तीबाहेर मोजा. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की चालता येण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. उत्तम. पण सावध राहा. हाच निकाल पुढं करून उद्या आपल्याच भाजीवाल्या बाईची पाटी उचलतील. फूटपाथ गिळला कुणी? पार्किंगनं गिळला, रुंदीकरणानं गिळला. चालणारा आणि फेरीवाला यांची झुंज लावून देणाऱ्यांना तसं ठणकावून सांगा.

वस्तीत सांगायचं तेही सांगा. फूटपाथ नसेल तर समोरून येणारी गाडी दिसेल असं, उजव्या कडेनं चाला. अंधारात फिकट कपडा घाला. झाडूवाल्या बायांना चमकत्या पट्ट्यांचं जाकीट ठेकेदारानं दिलंच पाहिजे, त्यासाठी भांडा. पण एक लक्षात ठेवा, काळा सदरा घातला म्हणून कुणाला मारायचा परवाना मिळत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळ वाघोलीला काय झालं? अमरावतीकडून कामाच्या शोधात आलेले मजूर केसनंद फाट्याला फूटपाथवर झोपले होते. मध्यरात्रीनंतर डंपर वर चढला. तिघे मेले, त्यात दोन तान्ही लेकरं. ड्रायव्हर प्यालेला होता. तरी चर्चा काय, तर फूटपाथवर झोपावंच कशाला! शहराची घरं बांधायला या, पण झोपायला कुठं, ते विचारू नका.

त्याच्या आधीचं सांगतो. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याला एका बड्या नटाची गाडी बेकरीबाहेर झोपलेल्या कामगारांवर गेली. एक मेला, चार जखमी झाले. खटला तेरा वर्षं चालला. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयानं पाच वर्षांची शिक्षा दिली, डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं. मला इथं न्यायाधीशांवर बोलायचं नाही. मला तुम्हाला दोन रस्ते वेगळे करून दाखवायचे आहेत. फौजदारी खटला सरकार चालवतं. तिथं संशयाला जागा उरली की आरोपी सुटतो. नुकसानभरपाईचा दावा आपण चालवायचा असतो, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. तिथं पुराव्याचा काटा हलका असतो, कुणाचं म्हणणं जास्त संभवतं एवढं बघतात. ड्रायव्हर तिकडं सुटला म्हणजे इकडचा दावा मेला असं नाही. हे आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. 'केस हरली' एवढंच कळतं, आणि बाई घरी बसते.

आता पैशाच्या तीन वाटा बघा.

पहिली वाट, गाडी सापडली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १६६. दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. अपघात नाशिकला आणि घर बीडला असेल तर नाशिकच्या खेपा घालायची गरज नाही. कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, म्हणून दहावं-तेरावं झालं की कागदाला लागा. रक्कम किती? फळ्यावर हिशेब करतो. माणूस ३४ वर्षांचा, महिना १२,००० कमावणारा, मागं बायको, दोन पोरं आणि आई. पुढं कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवा, १६,८०० झाले. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा करा, १२,६०० राहिले. वर्षाचे १,५१,२००. या वयाला गुणक १६. झाले २४,१९,२००. क्रियाकर्माचे आणि बायको-पोरांचा आधार गेल्याचे आणखी वेगळे. हा हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांतला आहे. आणि दवाखान्याच्या दारात भेटणारा दलाल काय म्हणतो? 'चाळीस हजार घ्या, मिटवून टाका.'

पगाराची चिठ्ठी नाही म्हणून घाबरू नका. २०१४ साली एका भाजीविक्रेत्याच्या दाव्यात कागदी पुरावा नसतानाही सर्वोच्च न्यायालयानं महिना ६,५०० कमाई धरली. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही किंमत धरावी लागते. लायसन्स नव्हतं म्हणून विमा कंपनीनं हात झटकले, तर कंपनीनं आधी भरपाई द्यावी आणि मालकाकडून वसूल करावी, ही वाट २००४ च्या निकालानं मोकळी आहे.

दुसरी वाट, कलम १६४. चूक कुणाची ते सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख, गंभीर जखमेला अडीच लाख. लवकर मिळतात. पण हे घेतले की १६६ चा मोठा दावा संपतो. म्हणून अंगठा द्यायच्या आधी वरचा हिशेब करा.

तिसरी वाट, गाडी पळाली आणि सापडलीच नाही. कलम १६१. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख, गंभीर जखमेला ५०,००० रुपये. वकील लागत नाही, कोर्ट लागत नाही. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताकडं. त्यानं एका महिन्यात अहवाल जिल्हाधिकाऱ्याकडं पाठवायचा, तिथं पंधरा दिवसांत मंजुरी, मग पंधरा दिवसांत पैसे बँकेत. आता ऐका. २०२२ साली गाडी पळून गेल्याचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. आणि २०२२-२३ मध्ये देशभरातून अर्ज आले २०५. सदुसष्ट हजार कुठं आणि दोनशे पाच कुठं! पैसा ठेवलेला आहे, मागायला माणूस नाही. कारण मागता येतो हेच सांगितलेलं नाही. १२ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना हुकूम दिला, की महिनाभरात गाडी सापडली नाही तर त्या घरच्यांना या योजनेची लेखी माहिती द्या. किती घरांत ते पत्र आलं, आपल्या वस्तीत विचारून बघा.

मी अशाच एका बाईबरोबर तहसील कचेरीत गेलो होतो. क्लार्क म्हणाला, असा फॉर्मच नसतो. राजपत्राची प्रत टेबलावर ठेवली. मग म्हणाला, साहेब जेवायला गेलेत. म्हटलं, जेवू दे, आम्ही बसतो. बाई म्हणाली, 'भाऊ, आपण भीक मागायला आलोय का?' मी म्हटलं, नाही ताई, वसुलीला आलोय. चौथ्या खेपेला पोच मिळाली. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि सही. त्याशिवाय कचेरीतून उठायचं नाही.

आता दवाखाना. 'पोलीस केस आहे, दुसरीकडं न्या' असं कुणी म्हणालं तर सांगा, १९८९ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलंय, आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. सरकारी असो की खाजगी, सगळ्या डॉक्टरांना ते लागू आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत उपचार रोकड न भरता मिळण्याची योजना आहे, नेमलेल्या दवाखान्यांत. आणि उचलून नेणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती सोडा. कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

एक गोष्ट कडू आहे, तरी बोलतो. ड्रायव्हरला धरून मारू नका. डंपरवरचा ड्रायव्हर बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो, दोन पाळ्या सलग ओढणारा. मालक घरात झोपलेला असतो. जमाव मारतो म्हणून ड्रायव्हर पळतो, गाडी पळते, आणि चोवीस लाखांचा दावा दोन लाखांवर येतो. गाडीचा नंबर लिहा, फोटो काढा, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्या. प्यालेला असेल तर रक्ततपासणी लगेच करायला लावा. आपला राग मालकापर्यंत पोचवायचा तर नंबर हातात पाहिजे.

वकिलाचं काय? मोफत वकील हा उपकार नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीची माणसं, स्त्रिया, मुलं, अपंग, कारखान्यातले कामगार यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथं जायचं. निकालाच्या रकमेत टक्केवारी मागणं वकिलांच्या नियमांत बसत नाही. कोऱ्या वकालतनाम्यावर आणि कोऱ्या चेकवर सही द्यायची नाही. रस्ता झाडताना धडक बसली असेल तर कामगार म्हणून भरपाई आणि मोटार अपघाताचा दावा, यातली एकच वाट मिळते, म्हणून दोन्हींचा हिशेब करून निवडा.

शेवटी काम वाटून घेऊ. प्रत्येक वस्तीत दोन पोरं आणि एक पोरगी. त्यांच्याकडं एक वही. अपघात झाला की एकजण दवाखान्यात, एकजण जागेवर, एकजण ठाण्यात. दवाखान्यातल्यानं एमएलसीचा नंबर घ्यायचा. जागेवरच्यानं फोटो काढायचे, साक्षीदारांची नावं लिहायची, कुठल्या दुकानाला कॅमेरा आहे ते बघायचं आणि चित्रण जपून ठेवा असा अर्ज त्याच दिवशी ठाण्यात द्यायचा, कारण ते काही दिवसांत पुसलं जातं. ठाण्यातल्यानं एफआयआरची प्रत घ्यायची, 'अचानक आडवा आल्याने' हे वाक्य कुणाच्या सांगण्यावरून आलं ते विचारायचं, पंचनाम्यात फूटपाथ होता की नाही, दिवा होता की नाही, ब्रेकच्या खुणा किती लांब होत्या ते लिहून घ्यायला लावायचं. तपासी अंमलदारानं ४८ तासांत न्यायाधिकरणाला पहिला अपघात अहवाल पाठवायचा असतो आणि दहा दिवसांत घरच्यांना त्यांच्या हक्कांचा कागद द्यायचा असतो. तो मागायचा. नाही दिला तर लेखी मागायचा.

यानं मेलेला माणूस परत येणार नाही, हे मला कळतं. त्या बाईला दोन लाख मिळाले तेव्हा तीही रडलीच. पण आपला नवरा मेला आणि सरकारनं ते मान्य केलं, एवढं तिच्या हातात आलं. पोरगा शाळेत राहिला. आपल्या माणसाचा जीव फुकटचा नव्हता, हे व्यवस्थेच्याच कागदावर, तिच्याच शिक्क्यानिशी लिहून घ्यायचं, एवढी लढाई आपल्या हातात आज आहे. तीसुद्धा लढली नाही, तर बाकीच्या घोषणा कुणासाठी द्यायच्या?

उद्या सकाळी आपल्या तालुक्याच्या कचेरीत जा आणि कलम १६१ चा फॉर्म मागा. नाही म्हणाले तर बसून राहा.